बुखारीचा धूर आणि अडकणारी मूठ

ग्वाल्हेरमध्ये लष्कर भागात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांना इथला पौष-माघ चांगला ठाऊक आहे. पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, दुपारपर्यंत धुके हटत नाही, आणि दगडी भिंती व पाट्यांचे छत एकदा गार पडले की दिवसभर गारच राहते. त्यामुळे आमच्या मधल्या खोलीत बंद दाराची, काच बसवलेली लोखंडी बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी लाकडाची शेगडी, आहे आणि तिचे धुराडे बाहेरच्या भिंतीतून गच्चीवर नेलेले आहे. यंदा तिच्याविषयी दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. खोलीत धुराचा वास रेंगाळू लागला, आणि दाराची मूठ इतकी घट्ट झाली की आईला ती दोन्ही हातांनीही फिरवता येईना. आईला दम्याचा त्रास असल्यामुळे हे प्रकरण ‘चालवून घेऊ’ म्हणण्यासारखे नव्हते.

ज्या कारागिराला बोलावले त्याने दार सैल झाल्याचे सांगून कडीचा पेच आणखी आवळून दिला. मूठ अधिकच घट्ट झाली आणि वास होता तसाच राहिला. पुष्कळ घरांत हेच घडते, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे. धुराचा वास आला की सर्वांचे लक्ष प्रथम दाराकडे जाते. ते जायला हवे गच्चीवर.

याचे कारण बुखारी मुळात कशी चालते यात आहे. धुराड्यातली तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते, ती वर चढते, आणि तिच्या जागी खोलीतली हवा बुखारीत खेचली जाते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. ओढ चांगली असेल तर पेटत्या बुखारीच्या आतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा किंचित कमी असतो, आणि म्हणून दाराला फट असली तरी त्या फटीतून हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. सैल दारामुळे आग अनावर भडकते, लाकूड भराभर संपते, काचेच्या कडेला काळा पट्टा धरतो. पण खोलीत धूर येत असेल तर धुराला वर जाण्याची वाट मिळत नाही, असेच प्रथम समजावे.

हे पडताळायला उदबत्ती पुरते. बुखारी पेटलेली असताना उदबत्ती दाराच्या कडेने आणि नळीच्या प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ शाबूत आहे. तो जागच्या जागी घुटमळला किंवा खोलीकडे वळला तर वरच्या बाजूला अडथळा आहे, किंवा घराबाहेर हवा फेकणारे दुसरे काही चालू आहे. या दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नये. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल आणि थंडीमुळे सारी दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतील, तर पंखा आपली हवा धुराड्यातूनच खाली ओढून घेतो. आमच्याकडे पंखा बंद करून खिडकी बोटभर उघडल्यावर उदबत्तीचा धूर थोडा आत वळला, पण पुरेसा नाही. म्हणजे अडथळा वर होताच.

बुखारी पूर्ण थंड असताना गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा धुराड्याच्या टोपीच्या जाळीची छिद्रे काळ्या, चिकट खपल्यांनी जवळजवळ बुजलेली होती. जाळी बसवतात ती पारव्यांनी घरटे करू नये म्हणून, आणि आमच्या भागात पारवे इतके आहेत की ती काढून टाकता येत नाही. पण धुराड्यात सर्वांत आधी बुजते ती हीच जागा, कारण तिथवर येईपर्यंत धूर सर्वांत थंड झालेला असतो. तारेच्या ब्रशने जाळी आणि नळी घासली. मग बुखारीच्या आत, आगीच्या वर असते ती आडवी पाटी काढली. या पाटीला विसरू नये. नळीतून झडलेली काजळी तिच्यावर साचते, आणि टोपी स्वच्छ असूनही धूर इथेच अडतो.

नळी घासताना सांधेही पाहिले. लाकडाच्या बुखारीत वरच्या नळीचे निमुळते टोक खालच्या नळीच्या आत जायला हवे, म्हणजे नळीतून ओघळणारे धुराचे डांबर आतल्या आतच खाली येऊन जळते. उलटे बसवले तर ते सांध्यातून बाहेर झिरपते आणि बुखारी विझलेली असतानाही खोलीत शिळ्या धुराचा वास राहतो. दमट हवेत तो अधिकच जाणवतो. आमचे सांधे बरोबर होते, तरी एका ठिकाणचा भट्टीचा सिमेंट निघाला होता, तो पुन्हा भरला.

धुक्याच्या दिवसांविषयी एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. दाट धुक्यात वारा जवळजवळ नसतो, जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, आणि भिंतीबाहेरून गेलेल्या नळीत रात्रभर थंड हवेचा खांब उभा राहतो. अशा सकाळी थेट ओंडके पेटवले तर पहिला धूर खोलीतच येणार. त्याआधी एक-दोन वर्तमानपत्रांचे बोळे आणि बारीक चिपाट्या वरच्या बाजूला जाळून नळी गरम करावी, मगच लाकूड घालावे. नंतर लाकूड घालायला दार उघडतानाही आधी नळीतली झडप आणि हवेची खिटी पूर्ण उघडावी, दार बोटभर उघडून क्षणभर थांबावे आणि मग सावकाश पूर्ण उघडावे.

आता मूठ. बुखारी थंड करून कडी मोकळी केली तेव्हा तिच्या दांड्यावर आणि खटक्यावर जाळीवर होता तोच काळा, डिंकासारखा थर सापडला. धुराला वर वाट मिळत नव्हती म्हणून तो दाराच्या कडेला घुटमळत होता आणि तिथल्या गार लोखंडावर गोठत होता. त्यात कारागिराने पेच आवळून दार चौकटीवर आणखी दाबले होते. थर तारेच्या ब्रशने काढला आणि दांड्याला ग्रॅफाइटची भुकटी लावली. इथे शिलाई यंत्राचे तेल किंवा फवाऱ्याचे तेल कधीही वापरू नये; पहिले उष्णतेने जळून आणखी चिकट होते आणि त्याचाच वास सुटतो, दुसरे तर पेट घेऊ शकते. ग्रॅफाइट मिळाले नाही तर तांब्याचे कण असलेले, उच्च तापमानासाठीचे ग्रीस चालते, पण तेही अगदी थोडे.

दाराची फट बंद करण्यासाठी आतल्या खोबणीत बसवलेली दोरी हा मुठीच्या तक्रारीचा दुसरा भाग होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती चपटी आणि कडक झाली होती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर तिथे दोरी टेकत नाही, आणि हे दाराच्या चारही बाजूंना करून पाहावे. आमच्याकडे बिजागरीच्या बाजूला पट्टी हलेना आणि कडीच्या बाजूला नुसती निसटत होती, म्हणजे मूठ कितीही आवळली तरी उपयोग नव्हता. नवी दोरी लोहिया बाजारात मीटरवर मिळाली. घेताना दोन गोष्टींचा आग्रह धरावा. दोरी काचतंतूंचीच असावी, अ‍ॅस्बेस्टॉसची नको. जुनी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असल्याची शंका असेल तर ती कोरडी न खरवडता ओली करून काढावी, कारण तिचे तंतू फुप्फुसांत गेलेले निघत नाहीत. जाडी खोबणीवरून ठरवावी, चपट्या झालेल्या जुन्या दोरीवरून नव्हे. जाड दोरीने मूठ पुन्हा अडकते आणि दारावर ताण येतो, बारीक दोरी टेकत नाही. बसवताना ती ओढून ताणू नये, नाहीतर ती नंतर आखडते आणि जोडाशी फट पडते. सोडियम सिलिकेटचा गोंद लावून, दार बंद ठेवून तो रात्रभर वाळू द्यावा. त्यानंतर कडीचा पेच कारागिराने आवळला होता त्याहून बराच सैल केला, आणि तरीही पट्टी चारही बाजूंना घट्ट राहिली. पहिल्या आगीत नव्या दोरीचा आणि गोंदाचा थोडा वास येतो. तो एक-दोन वेळांत जातो.

आईने मूठ एका हाताने फिरवली आणि म्हणाली, “अरे, ही तर आता कपाटाच्या कडीहून हलकी झाली.” मला मात्र त्या चिकट थराची काळजी राहिली, कारण तो आला कुठून, हे बंद केल्याशिवाय पुढच्या हिवाळ्यात जाळी पुन्हा बुजणार. तो थर ओल्या लाकडाचा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते, आणि जाळण्याजोग्या लाकडात ते वीस टक्क्यांहून कमी हवे. आगीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, धूर थंड होतो, आणि त्यातली न जळलेली द्रव्ये नळीत डांबर होऊन बसतात. हाच थर वाढला तर धुराड्यात आग लागते. चंबळच्या बीहडांतला, म्हणजे तिथल्या घळींतला, विलायती बाभूळ जड आणि उत्तम जळणारा आहे, पण हिवाळ्यात तो बहुधा नुकताच तोडलेला असतो. दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यावर ठणठणीत आवाज यावा, टोकांना केंद्रापासून चिरा पडलेल्या असाव्यात, साल सुटत असावी. खात्री करायची तर ओंडका फोडून त्याच्या आतल्या बाजूवर ओलावामापक टेकवावा. बाहेरची बाजू नेहमी कोरडीच दाखवते.

वास गेला म्हणून धोका गेला असे नाही. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास असतो ना रंग, आणि बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. आईच्या खोलीत आणि बुखारीच्या खोलीत या वायूचा इशारा देणारे यंत्र बसवले आहे, आणि आता उरले आहे ते लाकूड. पुढच्या हिवाळ्याचा साठा वखारवाल्याकडून फाल्गुनातच घेऊन, फोडून, गच्चीवर पत्र्याखाली बाजू मोकळ्या ठेवून रचायचा आहे, म्हणजे एप्रिल ते जूनची लू, इथला उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा, त्यातले पाणी काढून टाकील.