सरांची गाडी आणि उसाची ट्रॉली

कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. स्टार्टर, अल्टरनेटर, हॉर्न, वायरिंग, सगळंच करतो. पण कारखान्यांची धुराडी पेटली की हेडलाइटची कामं एकदम वाढतात. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर उतरतात, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि त्यातल्या कितीतरींना मागं लाल दिवा नसतो. उसाचा पाला लोंबत असतो, त्यात रिफ्लेक्टर असला तरी झाकून जातो. कारवाल्याला मग वाटतं, आपल्याच गाडीचा उजेड कमी पडतोय.

अशाच हंगामात एक सर आले. पाटणकडच्या शाळेवर शिक्षक, वय पन्नाशीच्या पुढं, गाडी सेकंडहँड, दहा-बारा वर्षांची हॅचबॅक. हातात एक डबा होता, पुतण्यानं ऑनलाइन मागवून दिलेला. त्यात एलईडीचे दोन एच-4 बल्ब (एच-4 म्हणजे डिपर-अप्पर दोन्ही एकाच बल्बात असलेला प्रकार), मागं छोटे पंखे बसवलेले. डब्यावर ‘200 वॅट, 20,000 ल्युमेन’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं.

“मिस्त्री, हे आजच्या आज बसवा. परवा मरता मरता वाचलोय.”

झालं होतं असं. रात्री घरी निघाले होते. समोरनं एक गाडी आली, पांढरा फक्क लाइट, यांनी डिपर मारून इशारा दिला तरी तसाच. डोळे दिपले. ती बाजूनं गेली आणि बघतात तर बॉनेटच्या पुढ्यात ऊसच. ब्रेक लागला म्हणून वाचले. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. डोळे ठिकाणावर यायला दोन सेकंद लागले तर गाडी तेवढा वेळ आंधळीच चालते. वय वाढलं की हा वेळ आणखी वाढतो, हे मी रोज गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकतो.

आधी बॉनेट उघडलं आणि जुना बल्ब काढायला गेलो, तर कपलर, म्हणजे बल्बमागचा वायरीचा प्लग, हाताला कडक लागला. ओढला तसा त्याचा तुकडाच हातात आला. प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, एक पिन काळी पडलेली, वायरचं इन्सुलेशन वाळल्या शेंगेसारखं कडक. बल्ब उजेडात धरून बुडावरचा आकडा वाचला: 100/90. अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, 100 वॅट; डिपर, म्हणजे खालचा उजेड, 90 वॅट. म्हणजे आधीच्या मालकानं ही गाडी एकदा ‘अपग्रेड’ केलेलीच होती. फ्यूज बॉक्स बघितला, तर हेडलाइटच्या जागी 30 अँपिअरचा फ्यूज. बारका फ्यूज उडत असणार, म्हणून मोठा घातलेला.

सरांना मल्टिमीटर दाखवला. इंजिन चालू, बॅटरीवर 14.1 व्होल्ट. हेडलाइट लावून होल्डरच्या पिनांवर मोजलं तर 10.8. मधले तीन व्होल्टच्या वर वायरिंग, स्विच आणि कपलर यांनीच खाल्लेले. कंपनी हे वायरिंग 60/55 वॅटच्या बल्बच्या हिशोबानं देते. 55 वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, 90 वॅटचा साडेसात. करंट वाढला की बारीक वायरीत आणि स्विचच्या पॉइंटवर व्होल्टेज पडतं, ती जागा तापते, आणि तापली की अजून खराब होते. हॅलोजनचा, म्हणजे या साध्या तारेच्या बल्बचा, स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड तीस टक्के जातो. आता 10.8 व्होल्टवर काय राहणार? वॅट वाढवायच्या नादात त्या मालकानं उजेड घालवला, आणि चालत्या गाडीत आग लागायची सोय करून ठेवली.

“म्हणून तर एलईडी घ्यायची ना,” सर म्हणाले. “ती करंट कमी घेते.”

हे खरंच आहे. त्यांच्याच डब्यातला बल्ब बॅटरीवर लावून क्लॅम्प मीटर धरला, दोन अँपिअरच्या आत. म्हणजे पंचवीसेक वॅट. डब्यावरच्या 200 चा त्याच्याशी काही संबंध नाही. पण सर शिकवणारे गृहस्थ, त्यांना नुसतं ‘नको’ म्हणून चालणार नव्हतं, आणि माझ्याही मनाला ते पटत नाही. म्हटलं, “संध्याकाळपर्यंत थांबा. एका बाजूला तुमची बसवतो, एका बाजूला साधा 60/55. तुम्हीच बघा.”

दुपारभर वायरिंग केलं. बॅटरीवरून थेट अडीच एमएमची वायर, बॅटरीलगत फ्यूज, डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले, सिरॅमिकचे होल्डर. गाडीचा जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देणार, बल्बचा करंट त्याच्यातून जाणारच नाही. अर्थिंगसाठी चॅसीवरचा रंग खरवडून नवा पॉइंट घेतला. अर्थिंगकडं बहुतेक जण बघतच नाहीत, आणि अर्धा उजेड तिथंच अडकलेला असतो. मग काचा. हल्लीची हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, उन्हानं पिवळी पडते. पाण्याचा पॉलिश पेपर हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचा, मग कंपाउंड, शेवटी यूव्ही कोट. पोऱ्यानं हात दुखेस्तोवर घासली. होल्डरवर आता 13.6 व्होल्ट मिळत होते.

अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर लावली. दुकानाच्या मागं सपाट जागा आहे, भिंतीपासून दहा मीटरवर पट्टा मारलेला. चाकांची हवा बरोबर, सर ड्रायव्हर सीटवर, लाइटची उंची खालीवर करायचं बटण शून्यावर. आधी पुठ्ठ्यानं हॅलोजन झाकला. एलईडीचा उजेड भिंतीवर पसरला, पांढराशुभ्र. सर खूश झाले. मग एलईडी झाकून हॅलोजन दाखवला. पिवळसर, पण वर सरळ रेघ, डाव्या बाजूला थोडी चढत गेलेली, आणि रेघेच्या वर अंधार. ती रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली आणून ठेवली. एलईडीच्या बाजूला रेघच नव्हती. वर, खिडकीच्या उंचीपर्यंत उजेडाचे ठिपके.

कारण बल्बच्या आत आहे. एच-4 मध्ये डिपरची तार पाच-सहा मिलिमीटरची, तिच्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी. त्या वाटीमुळं उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे हेडलाइटच्या आतल्या आरशाच्या, वरच्या अर्ध्या भागावरच पडतो, आणि तो भाग उजेड खाली रस्त्यावर टाकतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या तारेच्या जागेवरून काढलेला असतो. एलईडीत तारेच्या जागी जाड पट्टीच्या दोन बाजूंना चिप. जागा एखादा मिलिमीटर सरकली, जाडी वेगळी झाली, की उजेड फाकतो. कंपनीतून एलईडी येणाऱ्या गाड्यांचं वेगळं. त्यांची भिंगं, आरसे तिच्यासाठीच बनवलेले असतात.

दुकानाच्या अंगणात मी एक खूण करून ठेवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला 106 वा नियम: दिव्यापासून 8 मीटर पुढं, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंच, तिथं डोळा असलेल्या माणसाला लाइटनं दिपवता कामा नये. समोरनं येणाऱ्या ड्रायव्हरचीच ती जागा. दीड मीटरवर लाल पट्टी असलेली काठी तिथं धरली आणि सरांना पट्टीच्या उंचीला डोळे आणायला सांगितलं. पोऱ्यानं हॅलोजन लावला. सर शांतपणे बघत राहिले. मग एलईडी लावली. त्यांनी हात आडवा घेतला.

“परवाची गाडी,” एवढंच म्हणाले.

तरी मनात शंका होती, म्हणून कालव्याकडच्या अंधाऱ्या रस्त्यावर गेलो. पोऱ्याला मोटरसायकलवर पुढं पाठवून कडेला बांबूवर काळं पोतं टांगलं. एलईडीनं बॉनेटच्या पुढचा रस्ता झगझगत होता, पण पोतं काही दिसेना. पायाशी एवढा उजेड असला की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. हॅलोजनला पोतं दिसलं, अप्पर मारल्यावर तर त्याच्या विणीसकट. सर गाडीतून उतरून पोत्यापर्यंत चालत गेले आणि तिथून गाडीकडं बघत उभे राहिले.

परत येऊन दुसऱ्या बाजूलाही 60/55 बसवला, दोन्हींचं सेटिंग केलं. नंबरप्लेटला मात्र त्यांना 5 वॅटच्या जागी एलईडी हवी होती, ती दिली. तिथं कुणाचे डोळे नाहीत. इंडिकेटरला नको म्हटलं. 21 वॅटच्या जागी एलईडी घातली की फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर फडफडतो. मग रेझिस्टर जोडा, तो तापणार, आणि प्लास्टिकला टेकला तर ते वितळणार.

पैसे देताना सरांनी विचारलं, “पण ट्रॉलीला दिवा नाही, त्याचं काय?”

मला जे म्हणायचं होतं ते त्यांनीच काढलं. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली शेवटी उशिराच दिसणार. समोर गाडी असताना अप्पर मारता येत नाही, आणि मारूही नये. जिथं दिवा हवा तिथं तो ट्रॉलीच्या मागंच हवा.

पुढच्या आठवड्यात सर परत आले, बरोबर गावातला एक ट्रॅक्टरमालक. तो पोटतिडकीनं बोलत होता: “आवो, लावल्याती की दोनदा. शेतात उतारली की ट्रॉली मोळ्यांवर घासती, लाइट तुटतो, वायर तुटती. दिवसाला तीन खेपा, कोण जोडत बसणार?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मागच्या दोन्ही दिव्यांना सळईचा पिंजरा वेल्ड करून घेतला, चाकाच्या वर, चॅसीच्या आतल्या अंगाला. वायर उघडी न सोडता जीआय पाइपातून नेली. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली आणि दुसरी, असे दोन्हीकडं सात पिनांचे सॉकेट, म्हणजे ट्रॉली सोडताना ओढून तोडायला नको. आणि मागच्या फळीवर, पाला लोंबतो त्याच्या खाली, लाल रिफ्लेक्टिव्ह टेपचा सलग पट्टा, बाजूंना पिवळा. टेपला वायर लागत नाही. दिवा फुटला तरी मागच्या गाडीचा लाइट पडला की ती पेटते.

खर्चाचा आकडा ऐकून मालक थोडा थबकला. सर म्हणाले, “टेपचे मी देतो. दुसरी ट्रॉली पण आत घ्या.”