आमची वाटचाल : चाळीस लूमपासून पुढे

भोसरी एमआयडीसीत १९९६ साली आम्ही चारशे चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा सैन्याचं काम करायचं असं डोक्यातही नव्हतं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, भागीदार म्हणजे कॉलेजातला मित्र. मशीन टूलच्या कारखान्यांना कंट्रोल पॅनेल आणि पॉवर सप्लाय करून द्यायचे, बिघडलेली कार्डं (सर्किट बोर्ड) दुरुस्त करायची, एवढाच धंदा. गुरुवारी भोसरी बंद असते, पण आम्हाला सुट्टी नसायची, कारण गिऱ्हाइकाचं चालू मशीन उघडायला त्याच दिवशी मिळायचं.

सैन्याचं काम घरात मात्र होतं. आमचे अण्णा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणी विभागात होते. १८६९ सालचा तो कारखाना. खडकी-दापोडीतल्या कितीतरी घरांची घड्याळं त्याच्या भोंग्यावर लागायची, तशी आमचीही. पहिली सरकारी चौकशी आली तेव्हा अण्णा निवृत्त झालेले होते. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "तपासायला साहेब आले की आधी तुझा गेज त्यांच्या गेजशी जुळवून घे, मग माल दाखव. माल दाखवून झाल्यावर गेजवरून वाद घालशील तर दोघांचाही दिवस फुकट जाईल." इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेजच्या, म्हणजे माप तपासायच्या साधनाच्या, जागी मीटर आणि चाचणीची जिग (वस्तू बसवून तपासायचा साचा) आली, पण आमच्याकडे तपासणीची सुरुवात आजही अशीच होते.

मे २००१ मध्ये केंद्र सरकारने संरक्षण उत्पादन खासगी उद्योगांना खुलं केलं. वर्तमानपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. आमच्यासारख्यांना लगेच काही फरक पडला नाही, कारण रडार किंवा रेडिओ संच बनवायचा परवाना घेऊन आम्ही काय करणार होतो? पण मोठ्या कंपन्या बाहेरून काम करून घेण्याची भाषा बोलू लागल्या आणि चौकश्या आमच्या गाळ्यापर्यंत पोचल्या. २००३ मध्ये आम्हाला पहिली ऑर्डर मिळाली : चाळीस केबल लूम. लूम म्हणजे ठरलेल्या लांबीच्या, ठरलेल्या वळणाच्या वायरींची जुडी, दोन्ही टोकांना गोल मिलिटरी कनेक्टर. आमच्या लूममध्ये एकसष्ट वायरी होत्या. कनेक्टर परदेशातून यायचे, त्यांची वाट पाहण्यातच तीन महिने गेले, आणि एका कनेक्टरची किंमत आमच्या पूर्ण लूमच्या मजुरीहून जास्त होती. ही लूम कोणत्या यंत्रणेत बसतात ते तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही नाही. आमच्या मुलांनाही ते माहीत नाही.

चाळीसही लूम वेळेत तयार झाली. सोल्डर इतकं सुबक आणि चकचकीत होतं, की गाळ्यात येईल त्याला आम्ही ते भिंगाखाली धरून दाखवायचो. त्यातली दोन चाचणीसाठी अंधेरीच्या ईआरटीएल या सरकारी चाचणी प्रयोगशाळेत नेली. सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची परीक्षा जेएसएस ५५५५५ या मानकाप्रमाणे होते. त्यात कंपन, आदळआपट, कोरडी उष्णता, दमट उष्णता, थंडी, कमी हवेचा दाब, खारं धुकं, धूळ, बुरशी असं सगळं येतं. वस्तू राजस्थानात जाणार, लडाखला जाणार की जहाजावर, त्यावर कोणत्या चाचण्या आणि किती कडक ते ठरतं. आमच्या नशिबी कंपनाचं टेबल होतं. चाळीस मिनिटांत पहिल्या लूमच्या तीन वायरी तुटल्या, मग दुसऱ्याच्या दोन.

सोल्डरचा टाका (जोड) एकही सुटला नव्हता. सगळ्या वायरी टाक्याच्या जरा मागे, इन्सुलेशनच्या आत तुटल्या होत्या. कारण समजायला आम्हाला दोन दिवस लागले. वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ, म्हणून ती लवते. टाका सुंदर दिसावा म्हणून आम्ही उष्णता जास्त वेळ देत होतो. वितळलेलं सोल्डर दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्या तारांमध्ये चढत होतं आणि इन्सुलेशनखाली जाऊन गोठत होतं. तेवढा भाग काडीसारखा ताठ. कंपन झालं की ताठ भाग संपतो नेमक्या त्या जागी वायर मोडते. म्हणजे ज्याचं आम्हाला कौतुक होतं त्यानेच माल नापास केला.

चाळीसही लूम उलगडली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचं नाव लिहीत नाही, पण ते तीन दिवस आमच्या गाळ्यात लोखंडी स्टुलावर बसून होते आणि पिना सोल्डर करायच्या बनावटीऐवजी क्रिम्प करायच्या (वायरीवर दाबून पक्क्या करायच्या) बनावटीचे कनेक्टर चालतील का, याचा प्रस्ताव कसा लिहायचा ते त्यांनी आम्हाला शिकवलं. प्रस्ताव मंजूर झाला. मग क्रिम्पिंगचं टूल घेतलं, प्रत्येक पिनसाठी ती टूलमध्ये नेमकी धरणारा वेगळा पोझिशनर घेतला आणि वायर ओढून पाहायचं पुल टेस्टर भागीदाराने स्वतः बनवलं. त्यानंतर आजपर्यंत प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नमुन्याची क्रिम्प ओढून तोडली जाते, किती जोरावर सुटली तो आकडा लिहिला जातो आणि मगच काम सुरू होतं. माल अकरा आठवडे उशिरा गेला. दर आठवड्याला अर्धा टक्का असा उशिराचा दंड कापला गेला आणि त्या ऑर्डरमध्ये आम्हाला तोटा झाला. पण पुढची ऑर्डर त्याच ग्राहकाकडून आली.

मग लूमवरून आम्ही कार्डांवर आलो. दिघी, चऱ्होली, मोशी भागातल्या बायका कामाला येऊ लागल्या. पहिल्या ताई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात काम केलेलं होतं, हात असा स्थिर की पाहत राहावं. प्रत्येक कार्डाबरोबर एक रूट कार्ड फिरतं. कोणता भाग कोणत्या लॉटचा, टाके कोणी दिले, कोणी तपासले, कोटिंग कोणी केलं, सगळ्याखाली सही. सुरुवातीला लोकांना वाटायचं, सही म्हणजे चूक सापडली की पकडायची सोय. ते मनातून काढायला दोन वर्षं लागली. कोटिंगचं काम मला स्वतःला फार आवडतं : ओलावा आत जाऊ नये म्हणून कार्डावर पारदर्शक थर देतात, आणि तो नीट बसला की नाही ते अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली पाहतात. थर निळा चमकतो. राहिलेली जागा काळी दिसते.

१ जुलै २००६ पासून युरोपात बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाचं सोल्डर बंद झालं. हा नियम आमच्यासाठी नव्हता, पण झळ आम्हाला लागली. जगातल्या कारखान्यांनी सुट्या भागांच्या पायांवर शुद्ध कथलाचा मुलामा द्यायला सुरुवात केली. शुद्ध कथलातून वर्षानुवर्षांनी केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि शेजारच्या पायाला टेकले की शॉर्ट होतं. टीव्हीच्या रिमोटमध्ये चालून जाईल, पण वीस-पंचवीस वर्षं टिकायच्या यंत्रणेत चालत नाही. म्हणून आमच्याकडे आजही ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं सोल्डर चालतं, ते १८३ अंशाला वितळतं. बाजारातून आलेल्या भागांचे पाय आधी त्यात बुडवून घ्यावे लागतात. बिनशिशाचं औद्योगिक काम वेगळ्या टेबलांवर, सोल्डरिंगच्या वेगळ्या लोखंडांनी. एकाचा स्पंजसुद्धा दुसरीकडे जात नाही.

२०११ मध्ये उत्पादन बंद झालेली एक आयसी (चिप) हवी होती. एका दलालाने दोनशे नग निम्म्या भावात आणून दिले, कागदपत्रंही व्यवस्थित. आमच्या स्टोअरच्या मुलाने अॅसिटोनच्या बोळ्याने घासलं तर छपाईबरोबर काळा रंग उतरला आणि खाली दुसराच नंबर निघाला. जुन्या बोर्डांवरून उपटून, घासून, नव्याने छापलेला माल. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या समितीने त्यांच्या सैन्याच्या पुरवठ्यात शिरलेल्या अशा दहा लाखांहून अधिक संशयित बनावट भागांचा अहवाल दिला, तेव्हा कळलं की हा रोग किती पसरलेला आहे. त्या दिवसापासून अधिकृत वितरकाशिवाय भाग घ्यायचा नाही आणि नाइलाजच असेल तर ग्राहकाची लेखी परवानगी आणि पूर्ण लॉटची तपासणी, असं आम्ही ठरवलं. या नियमापायी दोन ऑर्डर सोडाव्या लागल्या. मला त्याची खंत नाही.

पैशाबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, कारण नवीन लोक हेच विचारतात. छोट्या उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. आमचं एक बिल एका मोठ्या कंपनीकडे सात महिने अडलं होतं. माल तपासून घेतलेला, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. त्या काळात अण्णांनी त्यांच्या फंडाचे पैसे माझ्या खात्यात भरले. मी न मागता. या धंद्यात नफ्याच्या आधी दम लागतो, आणि दम म्हणजे कमीत कमी आठ महिन्यांचे पगार हाताशी असणं. आमच्याकडे ते २०१४ पर्यंत नव्हते.

आपलं स्वतःचं काही असावं, ही इच्छा भागीदाराची. रणगाडे आणि लष्करी गाड्यांत २८ व्होल्टचा पुरवठा असतो, पण तो कधी शांत नसतो. इंजिन चालू होताना पार खाली जातो, मोठा लोड सुटला की शंभर व्होल्टपर्यंत उसळतो. हे सगळं गिळून आतल्या कार्डांना स्वच्छ पाच आणि पंधरा व्होल्ट देणारं मॉड्यूल तेव्हा बाहेरून यायचं. आम्ही ते २०१६ मध्ये करायला घेतलं. उसळी झेलली, तापमान झेललं आणि ईएमआयच्या (विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या) चाचणीत अडकलो : आपल्या मॉड्यूलची विद्युत खळबळ वायरीतून बाहेर पडून शेजारच्या रेडिओला त्रास देते की नाही, ते त्यात पाहतात. चार वेळा फिल्टर बदलला. पाचव्या खेपेला एका शिकाऊ मुलाने विचारलं, "सर, फिल्टरच्या खाली रंग आहे, मग तो पेटीला टेकतोय कुठे?" पेटी रंगवून आल्यावर आम्ही फिल्टर बसवत होतो. रंगाच्या त्या थरामुळे फिल्टरला अर्थिंगच नव्हतं. रंग खरवडला, चाचणीचा आलेख मर्यादेच्या रेषेखाली आला. तो मुलगा आज आमचा डिझाइन विभाग सांभाळतो.

मंजुरी मिळेपर्यंत तीन वर्षं गेली आणि पहिली ऑर्डर आली पंचवीस नगांची. पण ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने आयात थांबवायच्या १०१ वस्तूंची पहिली यादी काढली, आयात होणाऱ्या वस्तू देशात बनवण्यासाठी उद्योगांपुढे मांडणारं सृजन पोर्टलही त्याच महिन्यात सुरू झालं, आणि आयातीला पर्याय शोधणारे लोक आमचा नंबर शोधू लागले. तयार, पास झालेली वस्तू हातात असणं किती मोलाचं होतं ते तेव्हा कळलं. पुढच्या दोन वर्षांत जगभर चिपची टंचाई झाली. बारा आठवड्यांत येणारा भाग बावन्न आठवडे सांगू लागला. साठा करून ठेवायची आमची जुनी सवय, जिला आमचे सीए अडकलेले पैसे म्हणायचे, तिनेच तारलं.

आज आम्ही बासष्ट जण आहोत, त्यातल्या एकेचाळीस बायका. जागा स्वतःची आहे, कंपनाचं छोटं टेबलही स्वतःचं आहे. अण्णा ते टेबल पाहायला आले होते, काठी टेकत. बराच वेळ उभे राहिले आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं ते विचारलं. मी सर्टिफिकेट दाखवलं. तारीख वाचून मगच बसले.

गेल्या महिन्यात त्या पहिल्या लूमचीच बारा नगांची ऑर्डर आली, बदली म्हणून. ड्रॉइंगची आवृत्ती बदलत बदलत 'जी'पर्यंत आली आहे, वायरी मात्र त्याच एकसष्ट. पहिल्या ताई या गणपतीनंतर निवृत्त होणार आहेत. त्यांनी दोन नव्या मुलींना शेजारी बसवलं, नमुन्याची क्रिम्प ओढून तोडली, आकडा वहीत लिहिला आणि पहिली वायर हातात घेतली.