यात खेळ कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही, गेली अठरा वर्षं आळीपाळीने सगळेच. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांना उतरायचे तेव्हा विचारायचात, "यात खेळ काय आहे? नुसतं उभं तर राहायचं." आता गोल्फ खेळते, तर "यात खेळ काय आहे? नुसतं फिरायचं तर असतं." परवा चुलतभावाने दोन्ही एका वाक्यात उरकलं: "ताई, तू आयुष्यात एखादा खराखुरा खेळ खेळलीस का गं?" त्याने गमतीत विचारलं होतं. मी गमतीत घेतलं नाही, आणि त्यावरून घरात जे झालं ते झालं.

खरा खेळ म्हणजे कुठला, असं उलट विचारलं तर तुमची उत्तरं दर वेळी सरकतात. घाम हवा. घाम दाखवला की पळणं हवं. नेमबाजीत कोण पळतं म्हटलं की मग बॉल हवा. गोल्फमध्ये बॉल आहे की! "हो, पण तो हलत नाही ना." हा हलणारा बॉल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

शेवटचा हुकमाचा पत्ता ऑलिंपिक. तर ऐका. गोल्फ 1900 आणि 1904 च्या ऑलिंपिकमध्ये होता, मग शंभरावर वर्षं नव्हता, 2016 ला रिओत परत आला. मग मधली वर्षं तो खेळ नव्हता काय? 1900 ला पॅरिसमध्ये महिलांची स्पर्धा जिंकलेली मार्गारेट ॲबट 1955 साली वारली, तोपर्यंत आपण ऑलिंपिक जिंकलोय हे तिला कळलंच नव्हतं. आपण गोल्फची एक स्पर्धा जिंकली एवढंच तिला ठाऊक. रस्सीखेच 1920 पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती. आणि 1912 ते 1948 या काळात तिथे चित्रकला, साहित्य आणि शिल्पकलेलाही पदकं मिळायची. दगडात कोरलेल्या दंडाला पदक मिळत होतं, मांसाच्या दंडाला नाही. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला ऑलिंपिक समितीने 1998 मध्ये तात्पुरती मान्यता दिली होती, ती पुढे टिकली नाही. आशियाई खेळांत 2002 आणि 2006 ला पदकं दिली, मग तिथूनही नाव गेलं.

ही सगळी माहिती मला तोंडपाठ आहे. ज्याला आपल्या खेळाची खात्री असते त्याला एवढं पाठ करावं लागत नाही, हेही कळतं मला. क्रिकेटवाला कधी सनावळ्या सांगत बसतो का?

आणि एक कबुली आधीच देऊन टाकते. अठ्ठावीस वर्षांची असताना एका लग्नात मी गोल्फ खेळणाऱ्या एका काकांना म्हणाले होते, "काका, गोल्फ म्हणजे बॅग घेऊन केलेलं मॉर्निंग वॉक." टेबलावरचे सगळे हसले. काकाही हसले आणि म्हणाले, "एकदा मारून बघ." तेव्हा माझे दंड बघून लोक बाजूला होत. मला वाटायचं, त्या चिमुकल्या बॉलचं काय, फुंकर मारली तरी जाईल.

आता माझ्या शरीरसौष्ठवाच्या शेवटच्या स्पर्धेबद्दल. तुम्हाला एवढंच माहीत आहे की मी चौथी आले आणि नंतर उतरले नाही.

स्टेजवर जाण्याआधी काय चालतं हे तुम्ही पाहिलेलं नाही. मागच्या खोलीत जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, कारण स्नायू उठून दिसावेत म्हणून सगळ्याजणी टॅनने, म्हणजे तपकिरी रंगाने, रंगवलेल्या असतात आणि टेकाल तिथे डाग पडतो. त्यामुळे कुणी टेकत नाही. भुकेने आणि तहानेने अर्धमेल्या बायका ताटकळत उभ्या असतात. कार्ब्स आधी तोडलेले, मग शेवटी भरलेले, पाणी कमी करत करत घोटावर आणलेलं. कातडी स्नायूला चिकटलेली दिसली पाहिजे, मध्ये पाण्याचा थर नको. हातात रबर बँड, पंप येण्यापुरतं, म्हणजे स्नायू फुगण्यापुरतं ओढायचं, जास्त नाही, नाहीतर स्टेजवर हात थरथरतो. कमरेला नंबर. माझा 27.

पहिल्या कॉलला पाचजणींना पुढे बोलावलं. मी मधोमध. मध्यभागी उभं करणं म्हणजे आघाडीवर असणं, हे या क्षेत्रातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. चार वेळा पाव वळणं झाली, मग पोझ. समोरून डबल बायसेप्स बघणाऱ्याला दोन दंड दिसतात. करणाऱ्याला पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करावी लागते: टाच रोवायची, मांडीचे स्नायू आवळून उठवायचे, पोट आत, छाती वर, पाठ रुंद, मग कुठे दंड, आणि हे सगळं आवळलेलं असताना चेहरा मोकळा. श्वास जवळजवळ बंद. माईकवरचा माणूस "रिलॅक्स" म्हणेपर्यंत असंच. रिलॅक्स म्हटल्यावरही सैल सोडायचं नसतं, ते फक्त म्हणायचं असतं.

मागून डबल बायसेप्स घेताना एक पाय मागे टेकवून पोटरी आवळावी लागते. तिथे मला पेटका आला. पोटरीत गाठ सरकताना जाणवली, मुठीएवढी. परीक्षकांकडे पाठ होती म्हणून चेहरा दिसला नाही, पण पोटरीच तर ते बघत होते. मी पाय सोडला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. त्या क्षणी डोक्यात आलेला विचार आठवतो: एवढं पाणी बाहेर काढलं, हे कुठून आलं?

मग माईकवरून आलं, "सत्तावीस आणि एकतीस, जागा बदला."

सहा पावलं. मधून कडेला. अनवाणी, पेटका आलेल्या पायावर, हसत. एकतीस माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. पुढच्या सगळ्या पोझ मी नीट घेतल्या. पण त्या सहा पावलांत निकाल लागलाय हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. या खेळात ही एकच गोष्ट मला आजही खुपते. मैदानावर मागे पडलेला माणूस शेवटच्या मिनिटाला काहीतरी करू शकतो. मी काय करणार होते, दोन मिनिटांत खांदा बदलणार?

निकालानंतर एका परीक्षक बाईंना गाठलं. टॅनचे ओघळ, अंगावर टॉवेल. विचारलं, "मॅडम, कुठे कमी पडलं?"

"कमी नाही गं. जास्त झालं. खांदे जरा जास्तच दिसतात. पुढच्या वेळी थोडी मऊ ये."

आदल्या वर्षी याच बाईंनी मला सांगितलं होतं की खांदे भरून ये.

तेव्हा मला वाटलं हे एका बाईंचं मत. नंतर कळलं की 2005 च्या हंगामाआधी शरीरसौष्ठवाच्या त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने महिला स्पर्धकांना स्नायू 20 टक्क्यांनी कमी करा असं लेखी सुचवलं होतं. धावणाऱ्या बाईला कुणी म्हणेल का, छान पळतेस, पण जरा हळू? मिस ऑलिंपिया ही महिला शरीरसौष्ठवातली सगळ्यात मोठी स्पर्धा 1980 ला सुरू झाली, 2014 नंतर बंदच केली आणि 2020 ला परत आणली. म्हणून सांगते, तुमच्या प्रश्नाची सगळ्यात धारदार आवृत्ती तुमच्याकडे नाहीच, ती माझ्याकडे आहे. "नुसतं उभं राहायचं" हा मुद्दा फालतू आहे. जिम्नॅस्टिक्समध्येही परीक्षक असतात, पण तिथे पाय वाकडा पडला की त्याचे इतके गुण गेले, असं दाखवता येतं. माझं काय चुकलं हे मला आजतागायत कुणी दाखवू शकलेलं नाही.

गोल्फकडे आले ती गुडघ्यामुळे. स्क्वॉट बंद झाले, चालायला परवानगी होती. त्याच काकांच्या जुन्या क्लब्ज, म्हणजे गोल्फच्या काठ्या, घेऊन सरावाच्या मैदानावर गेले आणि पहिले तीन स्विंग हवेत. चौथ्याला बॉल टीवरून, म्हणजे तो ठेवायच्या छोट्या खुंटीवरून, टुपकन खाली पडला. वजन जेमतेम 46 ग्रॅम, नियमाने त्याहून जास्त असूच शकत नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना लागलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोनहजारावा भाग, आणि तेवढ्यात क्लबचं तोंड एक-दोन अंश उघडं, म्हणजे तिरकं राहिलं की बॉल झाडीत. माझी सगळी ताकद आड येत होती. जिथे आवळायची सवय तिथे सोडायचं होतं. काकांनी "मारून बघ" एवढंच म्हटलं होतं, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

त्यात दम लागत नाही, हे खरं. चार तासांच्या फेरीत बहात्तर फटके, एकाला दोन सेकंद धरले तर अडीच मिनिटंही खेळ होत नाही. उरलेला वेळ मागच्या फटक्याचा पश्चात्ताप करत चालायचं. टोकियो ऑलिंपिकला आपली गोल्फपटू अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली, चौथी आली. चार फेऱ्यांच्या मिळून बहात्तर होल्समध्ये एक फटका. मी टीव्हीसमोर होते आणि चौथ्या नंबरबद्दल मला जरा वेगळंच वाटतं. पण तिला आपला फटका कुठे गेला ते बोट ठेवून सांगता येईल.

आता तो हलणारा बॉल. मागच्या वर्षी आमच्या गोल्फ क्लबच्या साध्याशा स्पर्धेत, चौदाव्या होलला, माझा बॉल रफमध्ये, उंच गवतात. मी काठी बॉलच्या मागे टेकवली आणि बॉल अर्धा बोट खाली बसला. जोडीदारीण लांब तिच्या बॉलशी, बॅग उचलणारा कॅडी नाही, कुणी पाहिलं नाही. नियम असा की तुमच्यामुळे बॉल हलला तर मूळ जागी ठेवायचा आणि एक फटका दंड. मी तिला हाक मारून सांगितलं. तिने कार्डावर लिहिलं. 1925 च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या गोल्फपटूने कुणी न पाहिलेला असाच एक फटका स्वतःवर लावून घेतला होता आणि पुढे तो प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरला. माझ्या बाबतीत फार काही बिघडलं नाही, अकरावी येणार होते ती तेरावी आले.

पण घरी जाताना गाडीत मी रडले, आणि ते तेराव्या नंबरसाठी नव्हतं.

वर पेटक्याबद्दल लिहिलं ते अर्धंच लिहिलं. पाणी नुसतं तोडलं नव्हतं. आदल्या रात्री लघवीची गोळी घेतली होती. पाणी काढणाऱ्या या गोळ्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत हे मला तेव्हा माहीत होतं. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा व्यावसायिक स्पर्धक स्पर्धा जिंकून काही तासांतच मेला, तेव्हाही बोट या गोळ्यांकडेच होतं, आणि मी ते वाचलेलं होतं. तरी घेतली. "सगळ्याजणी घेतात" असं मला सांगण्यात आलं आणि ते मला पुरलं. तपासणी झाली नाही. परीक्षक बाईंसमोर अन्याय झाल्याचं तोंड करून उभी होते तेव्हाही ती गोळी माझ्या अंगात होती.

ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. आता सांगितली.

यातून माझ्या मनात एक युक्तिवाद तयार झाला आणि काही दिवस मी त्यावर खूष होते. शरीरसौष्ठव नुसता देखावा असेल, तर गोळी म्हणजे मेकअप. मग त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण मला लाज वाटते, चोरी केल्यासारखी वाटते. ज्यात चोरी करता येते ते काहीतरी खरं असणारच. म्हणजे तो खेळच होता.

मग चुलतभाऊ म्हणाला (हो, समेट झालाय), "ताई, चोरी सौंदर्यस्पर्धेतही करता येते. परीक्षेतही करता येते. परीक्षा खेळ आहे का?" त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलेलं नाही. पण त्या पाठीमागच्या पोझमध्ये पोटरी फाटत असताना मी ती सोडली नाही, हे मेकअपने होत नाही, एवढं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला, "पेटका गोळीनेच आला होता ना?" आला असेल. पाय सोडायचा नाही हे मात्र गोळीने ठरवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका छोट्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलंय. नाही म्हणणार होते, हो म्हटलं. गुणपत्रिकेचा नमुना आलाय. एका रकान्यात स्पर्धकाचा नंबर, दुसऱ्यात तुम्ही दिलेलं स्थान, खाली सही. कारण लिहायला जागा नाही. समासात लिहिलं तर चालेल का, असं मी आयोजकांना विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.