लेकीसाठी गिटार घेताना

लेक दहा वर्षांची झाली आणि क्लासच्या सरांनी सांगितलं, "आता हिची स्वतःची गिटार घ्या." आमच्या घरातली ही तिसऱ्या पिढीची गिटार. पहिली बाबांनी १९७८ साली मुंबईत धोबी तलावला घेतली होती. त्यामुळे या खरेदीत त्यांचं मत विचारात घेणं ओघानंच आलं.

बाबांच्या वेळी निवड करायला फारसं काही नव्हतंच. परदेशी वाद्य आणायचं तर आयात परवाना हवा, वर जबर जकात. दुकानात कलकत्त्याला बनलेल्या गिटारी असत, त्यातली खिशाला परवडेल ती घ्यायची. दुसरा मार्ग म्हणजे बोटीवर काम करणारे गोवेकर. धोबी तलावच्या जेर महालात त्यांचे गावागावांचे कूड, म्हणजे एकाच गावच्या लोकांची मुंबईत राहायची ठिकाणं, होती आणि त्याच इमारतीत फुर्तादोचं वाद्यांचं दुकान. एखादा खलाशी बाहेरून आणलेली गिटार विकतोय अशी खबर लागली की बाबा आणि त्यांचे मित्र तिकडे धावत. बाबांना मात्र कलकत्त्याचीच मिळाली. तारा इतक्या उंच की बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची पकड, धरताना बोटं सोलून निघायची. पण दुकानातल्या वयस्कर गोवेकर काकांनी त्यांना तासभर बसवून गिटार सुरात कशी लावायची ते शिकवलं होतं. बाबा आजही तसेच कान लावून सूर जुळवतात, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरला हात लावत नाहीत.

मी घेतली २००३ साली. बाजार खुला झाला होता, परदेशी नावं दुकानात दिसू लागली होती, पण चांगल्या गिटारी काचेआड. वाजवून बघू का विचारलं की "घेणार आहात ना नक्की?" असा उलट प्रश्न. माहिती मिळवायची तर ओळखीतलं कोणीतरी वाजवणारं हवं. माझ्यासोबत क्लासचे सर आले होते. त्यांनी बंदुकीचा नेम धरावा तशी गिटार डोळ्यासमोर धरून मान सरळ आहे का ते पाहिलं. गिटार पारखणं म्हणजे काय, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आता माहितीला तोटा नाही. एकेका मॉडेलचे डझनभर व्हिडिओ. आम्ही आधी घरबसल्याच मागवली. खोकं सुंदर आलं, गिटार दिसायलाही देखणी, पण बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार चांगली चार मिलिमीटर वर. अडीचच्या आसपास असली तर मुलाच्या बोटांना झेपते. शिवाय बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती हलकेच स्पर्शून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळत नव्हता. व्हिडिओतली गिटार त्याच मॉडेलची असते हे खरं, पण आपल्या हातात येते ती दुसरीच. परत पाठवली.

मग दुकानात गेलो, तिघंही. आजची दुकानं या बाबतीत मला मनापासून आवडली: भिंतीवरून काढा, स्टुलावर बसा, हवी तेवढी वाजवा. दहा वर्षांच्या मुलीला पूर्ण आकाराची गिटार कवेत मावत नाही, म्हणून पाऊण आकाराची बघायची होती. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ, पण त्या गिटारीची मान रुंद. लेकीची बोटं सहाव्या तारेपर्यंत पोचेनात. म्हणून स्टीलच्या तारांची घेतली आणि तिला सगळ्यात हलका, म्हणजे बारीक तारांचा, संच चढवून घेतला. मी मानेच्या कडेवरून हात फिरवून फ्रेटची टोकं बोचतात का ते पाहिलं, प्रत्येक खुंटी फिरवून पाहिली. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबून तिच्याखालच्या मधल्या फटीवरून मानेचा बाक तपासला.

बाबांचा एकच प्रश्न होता, "फ्रेटबोर्ड शिसवी आहे का?" म्हणजे मानेवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी. नव्हता. २०१७ साली शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी स्वस्त गिटारीत शिसव क्वचितच दिसतो. बाबांना हे पटलं नाही. त्यांनी डोळे मिटून प्रत्येक तार छेडली, सूर किती वेळ टिकतो ते ऐकलं आणि मगच मान हलवली.

विकत घेतल्यावर ती थेट गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी खालून थोडी घासली, मानेचा बाक कमी-जास्त करणारा आतला रॉड जरासा फिरवला. तासाभराचं काम. मुलासाठी गिटार घेणाऱ्या प्रत्येकाने या कामाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत, कारण बोटं दुखून गिटार सोडलेली मुलं मी क्लासात पाहिली आहेत. पावसाळ्यात दमट हवेनं लाकूड फुगतं आणि तारा पुन्हा वर येतात. म्हणून काकांनी ऑगस्टमध्ये एकदा दाखवायला आणा असं बजावलं आहे.