आमची वाटचाल: आधी आई-बाप, मग पिल्लं

दारावरच्या फलकावर ‘पिल्लं मिळतील’ असं लिहिलेलं आहे, पण आमचं खरं काम आई-बाप सांभाळण्याचं. कोंबडीचे, गिनी कोंबडीचे, बटेरांचे, थोडे बदकांचे. ते नीट असले की पिल्लं त्यांच्यामागून येतातच. ते नीट नसले, तर कितीही महाग उबवणी यंत्र आणा, उपयोग शून्य. आमचा धंदा पिल्लांकडून पालकांकडे कसा सरकत गेला, ते इथे सांगतो.

सुरुवात खुडूक कोंबड्यांनी केली. परसातल्या कोंबड्या होत्या, ओळखीचे लोक पिल्लं मागायचे, आणि अंड्यांवर बसायला तयार असलेली कोंबडी म्हणजे फुकटचं यंत्र. मध्यम अंगाची कोंबडी दहा-बारा अंडी नीट झाकते. ती त्यांना दिवसातून कितीतरी वेळा उलथते, ऊब आणि ओलावा स्वतःच सांभाळते आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर काढून त्यांना टिपायलाही शिकवते. सिल्की जातीच्या कोंबड्या तर या कामाला हपापलेल्याच असतात. बदकाची अंडी ठेवा, गिनीची ठेवा, त्या बसतात. अडचण इतकीच, की कोंबडी तिला वाटेल तेव्हा खुडूक होते, गिऱ्हाईक त्याला वाटेल तेव्हा येतं. शिवाय खुडूक कोंबडी त्या काळात अंडी देत नाही.

म्हणून यंत्र घेतलं. आधी पंखा नसलेलं छोटं, मग पंख्याचं. या दोघांत एक फरक आहे आणि नव्या माणसाने तो आधी समजून घ्यावा. पंख्याच्या यंत्रात सगळीकडे तापमान सारखं असतं, तिथे ३७.५ अंश सेल्सिअस पुरतात. बिनपंख्याच्या यंत्रात वरची हवा गरम आणि खालची गार असते, त्यामुळे तापमापी अंड्याच्या वरच्या कडेला धरून तिथे साधारण ३८.३ ठेवावे लागतात. ठरलेल्या तापमानापासून अर्ध्या अंशाचा फरक किरकोळ वाटतो, पण सतत कमी पडला तर पिल्लं उशिरा आणि मरगळलेली निघतात, जास्त झाला तर घाईने आणि कमकुवत. कोंबडीची अंडी अठराव्या दिवसापर्यंत फिरवायची. नंतर हात लावायचा नाही, कारण पिल्लू तोंड हवेच्या पोकळीकडे वळवून फुटायच्या तयारीत असतं.

आर्द्रतेबद्दल सगळे पुस्तकी आकडा सांगतात: आधी ५०-५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५-७०. आकडा बरोबर आहे, स्वस्त आर्द्रतामापी मात्र क्वचितच बरोबर असतो. आम्ही काट्यापेक्षा तराजूवर विश्वास ठेवतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्के उतरायला हवं. कमी उतरलं तर आत पाणी जास्त राहतं, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू टोच मारायच्या वेळीच गुदमरतं. जास्त उतरलं तर ते आतल्या पापुद्र्याला चिकटतं. म्हणून आम्ही दर आठवड्याला काही अंड्यांचं वजन करतो आणि पाण्याचं भांडं त्याप्रमाणे लहान-मोठं ठेवतो. एवढ्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही नव्या उपकरणाने पडला नाही.

यंत्र आलं तेव्हा वाटलं, आता प्रश्न मिटला. पण सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी उजेडापुढे धरून पाहिली की काही खेपा छान भरलेल्या निघत आणि काही अर्ध्या रिकाम्या. यंत्र तेच, माणसं तीच. फरक अंड्यांतच होता. बाहेरून आणलेली अंडी वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेली. उबवणीचं अंडं १३ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली करून ठेवलं तर आठवडाभर चांगलं टिकतं. त्यानंतर पिल्लं फुटण्याचं प्रमाण रोज थोडं थोडं घटत जातं. धुतलेलं अंडं तर घेऊच नये. कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो आणि जंतूंना आत जायला वाट मोकळी होते.

पण साठवणूक हा वरवरचा भाग. खोलवरचं कारण पालकांच्या खाण्यात असतं. अंडी देणाऱ्या कोंबडीचं साधं खाद्य तिला अंडं द्यायला पुरतं, त्या अंड्यातून धट्टंकट्टं पिल्लू निघायला पुरतंच असं नाही. रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब२ कमी पडलं तर पिल्लं अंड्यातच मरतात, मेलेल्यांच्या अंगावरची लव गाठीसारखी गुंडाळलेली दिसते. उबवणीच्या अंड्यांसाठीचं खाद्य वेगळं असतं, त्यात जीवनसत्त्वं जास्त घालतात. आणि काही रोग तर थेट अंड्यातून येतात. पुलोरम हा साल्मोनेला जंतूचा रोग आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात आणि यंत्रातून सगळ्या खेपेत पसरतो. त्यावर पिल्लांना औषध पाजत बसण्यापेक्षा पालकांच्या रक्ताची तपासणी करून वाहक पक्षी काढून टाकणं हाच उपाय आहे. इथून आमचा धंदा वळला. बाहेरची अंडी घेणं थांबवलं आणि पैसा यंत्राऐवजी पालकांच्या खुराड्यात घातला.

नर किती ठेवायचे हा पहिला प्रश्न. मध्यम वजनाच्या जातीत आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. जास्त नर म्हणजे जास्त भांडणं आणि पाठीवरची पिसं गेलेल्या माद्या. नर बदलायचा असेल तर लगेच नव्या नराची पिल्लं म्हणून विकता येत नाहीत, कारण मादी आधीच्या नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर दोन आठवडे, कधी त्याहून थोडे जास्त दिवस, फलित अंडी देऊ शकते. आम्ही तीन आठवडे थांबतो. त्या काळातली अंडी खायला जातात.

लहान कळपात रक्तसंबंध जवळचे होऊ नयेत म्हणून आम्ही प्रत्येक जातीची तीन घराणी केली आहेत. मुली आईच्या घराण्यातच राहतात, मुलगे पुढच्या घराण्यात जातात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. पायात रंगीत कड्या घातल्या की नोंदवही सोपी होते. बाहेरून नवीन रक्त न आणता कळप बरीच वर्षं चालतो, आणि नवीन रक्ताबरोबर येणारा नवीन रोगही टळतो. हे काम माझी बायको बघते. कडीचा रंग चुकलेला नर तिच्या नजरेतून सुटत नाही, मग तो कितीही देखणा असो.

रंगांबद्दलच्या तक्रारी आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात आणि त्यांत गिऱ्हाइकाचा दोष नसतो, कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. निळसर करड्या अँडालुशियन कोंबड्यांची जोडी नेली आणि पिल्लं काळीही निघाली, म्हणून फसवल्याचा राग. पण निळा नर आणि निळी मादी यांची सरासरी निम्मीच पिल्लं निळी होतात, पाव काळी आणि पाव पांढुरकी, शिंतोडे उडाल्यासारखी. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि पांढुरका असा जोड लावायचा. उलट्या पिसांच्या, म्हणजे फ्रिझल कोंबड्यांचंही तसंच. दोन्ही पालक उलट्या पिसांचे असले तर पावएक पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की अंग उघडं पडतं. अशा नराला साध्या पिसांची मादीच द्यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवर काम करून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू होतात हे दाखवलं. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला ते गणित रोज लागतं.

याच गणिताने एक सोय झाली. पट्टेदार प्लिमथ रॉकची मादी आणि ऱ्होड आयलंड रेडचा नर असा जोड लावला की एक दिवसाच्या पिल्लातच नर-मादी कळते. पट्ट्यांचा गुण आई फक्त मुलांना देते, मुलींना नाही. त्यामुळे नर पिल्लाच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीचं डोकं ठिपक्याशिवाय काळं. ज्यांना फक्त तलंगा, म्हणजे माद्या, हव्यात त्यांना आम्ही हीच देतो.

आता गिनी. हिच्यावर आमचं प्रेम आहे, पण विकताना आम्ही आधी तिचे दुर्गुण सांगतो. मूळ आफ्रिकेची, अजून अर्धी रानातली. ओरडते. अनोळखी माणूस, साप, मांजर, वाऱ्याने उडालेला कागद, सगळ्यावर सारखंच ओरडते. राखणदार म्हणून उत्तम; शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर नेऊ नका असं आम्ही सरळ सांगतो. गोचीड आणि किडे भरपूर खाते, वाफे कोंबडीइतके उकरत नाही. पण नवीन जागी आणल्यावर पाच-सहा आठवडे खुराड्यात कोंडून ठेवली नाही तर पहिल्याच मोकळ्या संध्याकाळी झाडावर जाऊन बसेल आणि सकाळी दिसेलच याची खात्री नाही.

गिनीत नर-मादी दिसण्यावरून ओळखणं जवळपास अशक्य. कान लावावे लागतात. मादी दोन सुरांची हाक देते, नर कधीच देत नाही. पण मादी नरासारखी एकेरी हाकही देते, त्यामुळे एकेरी ओरडणारा पक्षी नरच असेल असं नाही. ही हाक पिल्लं दोनएक महिन्यांची होताना ऐकू यायला लागते. म्हणून एक दिवसाच्या गिनीची जोडी आम्ही विकत नाही. कुणी देतो म्हणाला तर तो अंदाजपंचे देतोय.

अंडी २६ ते २८ दिवसांनी फुटतात, कवच जाड असतं, उजेडात आतलं नीट दिसतही नाही. गिनीची आई म्हणून कुवत आम्हाला फारशी पटत नाही. झुडपात लपून अंडी घालते, दोन-तीन माद्या एकाच जागी, आणि पिल्लं निघाली की त्यांना दव पडलेल्या गवतातून हिंडवते. ओल्या झालेल्या पिल्लाचा गारठ्यापुढे टिकाव लागत नाही. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंश ठेवून पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करतो. खाली कागद किंवा गुळगुळीत पत्रा नको, पाय फाकतात. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकतो, नाहीतर पिल्लं बुडतात. खाद्यात प्रथिनं २४ ते २६ टक्के, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त.

बटेरांबद्दल थोडक्यात. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू. कमी जागा असलेल्यांना हा पक्षी सोयीचा. पाळीव जपानी बटेर सहसा अंड्यांवर बसत नाही, तेव्हा यंत्र लागतंच.

लसीमुळे आमचं सगळं वेळापत्रक बदललं. मारेक्स या विषाणूच्या रोगाची लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचावी लागते, नंतर तिचा फारसा उपयोग नसतो. कुपी मोठ्या संख्येच्या डोसची, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. रोज थोडी पिल्लं काढणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून कोंबडीच्या सगळ्या खेपा एकाच दिवशी फुटतील अशा लावतो. गिनीची अंडी त्याच्या सहा दिवस आधी, बटेरांची तीन-चार दिवस नंतर ठेवतो. त्यामुळे हॅचर, म्हणजे शेवटी अंडी फुटायला ठेवायचं यंत्र, एकदाच भरतो, एकदाच रिकामा करून धुतो. गिऱ्हाइकाला मात्र थांबावं लागतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, देवीची पुढे पंखात. या दोन्ही नेणाऱ्याने द्यायच्या, त्याचा कागद पिल्लांबरोबर देतो. रक्ती हगवणीवर मात्र खाली अंथरलेल्या भुशाची कोरडी गादी हाच पहिला इलाज. भुसा हातात दाबून गोळा झाला तर तो बदलायचा, दिवस मोजत बसायचं नाही.

भेट द्यायला येणाऱ्यांना आम्ही पालकांच्या खुराड्यात सोडत नाही. जाळीबाहेरून दाखवतो, तेही आमच्याकडच्या चपला घालून. काही जण रागावतात. त्यांच्या घरीही कोंबड्या असतात, आणि कोरडी विष्ठा चपलेच्या तळव्याला चिकटून किती लांब जाते याची त्यांना कल्पना नसते. नवीन आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवा, हेही प्रत्येकाला सांगतो. किती जण ऐकतात ते परत कोण किती लवकर फोन करतं त्यावरून कळतं.

बदकांत सध्या मस्कोव्ही वाढवतोय. ती बाकीच्या पाळीव बदकांपेक्षा वेगळी प्रजाती, मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, अंडी फुटायला ३५ दिवस घेते, आणि फारसा आवाज करत नाही. दुसऱ्या बदकांशी तिचा संकर होतो, पण ती पिल्लं वांझ निघतात, म्हणून खुराडी वेगळी ठेवावी लागतात.

टर्की ठेवता का, असं बरेच जण विचारतात. नाही ठेवत. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी पसरतो. कोंबडीला त्याने सहसा फार काही होत नाही, टर्कीचं यकृत मात्र खराब होऊन ती मरते. ती जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कोंबड्या हिंडलेल्या जमिनीवर टर्की ठेवणं आम्हाला पटत नाही, आणि आमच्याकडे कोंबड्या न हिंडलेली जमीन उरलेली नाही.