मुलुखमैदान तोफेचा गोळा किती लांब जायचा?

सोलापूर ते विजापूर रस्ता आता इतका चांगला झालाय की 100 किलोमीटर कधी संपले कळलंच नाही. गोलघुमटाबद्दल फार लिहीत नाही. भिंतीला कान लावून पलीकडची कुजबुज ऐकायची ती जागा. तिथं सहलीची पोरं एकदम किंचाळत असतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. इब्राहिम रोजा मात्र शांत मिळाला, मन भरून पाहिला. पण हे सगळं लिहायला बसलेय ते शेरझा बुरुजावरच्या सकाळीसाठी.

बुरुजावर मुलुखमैदान पडली आहे. तोंडाशी सिंहाचा जबडा, जबड्यात दाढांखाली चिरडलेला हत्ती. 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी यानं निजामशहासाठी ओतलेली ही तोफ. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतल्या मुरार जगदेव या सरदारानं तिथून विजापूरला आणली. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. चाक नसलेली, 55 टनांची एक अखंड वस्तू त्या काळात परांड्याहून भीमा ओलांडून इथवर आणली, या एका गोष्टीनंच मी तिथं बराच वेळ थबकले.

शेजारी लातूरचं एक कुटुंब गाईडला घेऊन आलं होतं. गाईड म्हणाला, "पंचधातूची आहे. गोळा थेट तालिकोटपर्यंत जायचा." नववीतल्या मुलानं विचारलं, "म्हणजे किती किलोमीटर?" उत्तर आलं नाही, गाईड पुढच्या गोष्टीकडे वळला: गोलंदाज बत्ती देऊन पाण्याच्या हौदात डोकं बुडवायचा, ती गोष्ट. मुलगा तोफेच्या तोंडात वाकून बघत राहिला. इतका चांगला प्रश्न असा वाऱ्यावर सोडलेला मला बघवेना. "तालिकोट इथून 80 किलोमीटरच्या आसपास आहे," मी म्हटलं, "ये, हिशोब करू." त्याचे वडील म्हणाले, "करा मॅडम, आम्हाला घाई नाही." आणि आम्ही कठड्याच्या सावलीत वही उघडून बसलो.

आधी वजन. ते 55 टन म्हणतात, पण काट्यावर कोण ठेवणार? तोफेची छापील मापं माझ्याजवळ होती: लांबी सुमारे 4.45 मीटर, बाहेरचा व्यास दीड मीटर, नळीचा व्यास 70 सेंटिमीटर. भरीव दंडगोल धरला तर 7.86 घनमीटर. नळी चार मीटर खोल धरून तिची पोकळी वजा केली की उरतात 6.3. या धातूची घनता पाण्याच्या 8.7 पट. गुणाकार त्यानंच केला: 55 टन! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मग त्याला तुळापूरची गोष्ट सांगितली. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करायची होती. शहाजीराजांच्या सल्ल्यावरून हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात कुठवर बुडते तिथं खूण केली आणि मग त्या खुणेपर्यंत दगड भरले, अशी आपल्याकडची परंपरा सांगते. ती तुला करणारा मुरार जगदेव म्हणजेच ही तोफ इथं आणणारा. त्याच माणसाच्या तोफेचं वजन आम्ही वहीवर काढलं, हे मला मनापासून आवडलं.

आता गोळा. नळीपेक्षा तो जरा लहानच हवा, नाहीतर अडकेल. 68 सेंटिमीटरचा काळ्या दगडाचा गोळा धरला तर साडेचारशे किलोच्या वर भरतो. पण गोळ्याभोवती जी फट राहते तिच्यातून बारुदीचा वायू निसटतो. 1 सेंटिमीटरची फट म्हणजे नळीच्या तोंडाचा साडेपाच टक्के भाग उघडाच. तोफखान्याचं अर्धं शास्त्र या फटीत आहे. आजच्या गोळ्याला तांब्याचा पट्टा असतो, तो नळीच्या आतल्या आट्यांत रुतून फट बंद करतो आणि गोळ्याला गिरकीही देतो. दगडी गोळ्याला यातलं काहीच नव्हतं.

मग मुख्य गोष्ट. तोफेची नळी तिच्या व्यासाच्या किती पट लांब आहे, ते मोजतात. त्याला तोफखान्यात कॅलिबर म्हणतात. 1999 मध्ये कारगिलला गाजलेली बोफोर्स 155 मिलिमीटरची, 39 कॅलिबर, म्हणजे नळी सहा मीटरची. मुलुखमैदान भरते जेमतेम सहा कॅलिबर. मुलाला म्हटलं, पेनाच्या नळीतून कागदाचा बोळा फुंकतोस ना? नळी बोटाएवढी तोडली तर बोळा तिथंच पडतो. वायूला ढकलायला जेवढी लांबी मिळेल तेवढा वेग वाढतो. तोंडाशी 200 मीटर प्रतिसेकंद हा उदार वेग धरू या. हवा नाहीच असं मानून 45 अंशांत उडवला तर गोळा चार किलोमीटरवर पडेल. पण 55 टनांचं धूड 45 अंशांत उचलणार कोण? 10 अंश धरले की 1.4 किलोमीटर. तालिकोट गाठायचं तर, हवेचा अडथळा शून्य धरूनही, सेकंदाला 885 मीटर वेग हवा. या आखूड नळीत काळ्या बारुदीला तो जमणारच नाही. आणि हवा शून्य नसते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं 1742 मध्ये लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला, तेव्हा कुठं कळलं की वेगवान गोळ्याला हवा किती जबरदस्त अडवते. हाच रॉबिन्स पुढं ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची कामं बघायला आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

धक्क्याचाही हिशोब झाला. तोफ गोळ्याच्या साधारण 120 पट जड, म्हणजे गोळा 200 मीटरनं सुटला तर तोफ सेकंदाला 1.7 मीटरनं मागं येणार. 55 टन, झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं! वडील तोफेच्या मागं उभे होते, ते ऐकून बाजूला झाले.

पंचधातूचंही मला बोलावंसं वाटलं, बोलले. हा घंटेचा धातू आहे: सुमारे 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. तोफेच्या नेहमीच्या कांशात कथील 10 टक्क्यांच्या आसपास असतं. कथील वाढलं की धातू कडक होतो, घणघणतो, पण ठिसूळही होतो. म्हणूनच ही भिंत एवढी जाड आहे असं मला वाटतं. नि म्हणून प्रत्येक पर्यटक तिच्यावर दगड आपटून आवाज ऐकतो. कृपा करून हे करू नका. 1854 मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली होती, बोली 150 रुपयांवर गेली नाही म्हणून ती वाचली. एवढ्यातून वाचलेली वस्तू दगडांनी का टोचायची?

रुंद, आखूड नळीचा उपयोग जवळून. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरविरुद्ध तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून जवळ आलेल्या फौजेवर उडवल्या, असं वर्णन आहे. हलकी नाणी हवेत लवकर वेग गमावतात, पण शत्रू समोरच असेल तर तो विचार करायला लागत नाही. पुढं काय झालं असेल हे मुलानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तिथून चालत काही मिनिटांवर 1584 चा उपली बुरुज आहे, सुमारे 80 फूट उंच, बाहेरून गोल जिना. लातूरकर माझ्यासोबत चढले. वर लंबछडी नावाची तोफ पडली आहे: लोखंडी पट्ट्या जोडून वर कड्या ठोकून बसवलेली, नऊ मीटरच्या वर लांब, नळीचा व्यास फक्त 30 सेंटिमीटर. मुलानं मी काही बोलायच्या आत भागाकार केला. "मॅडम, ही तीस कॅलिबर!" बुरुजाची उंची, लांब नळी, लहान गोळा. लांबवर मारा करायला विजापूरकरांनी ही इथं का चढवली, ते त्याला उमगलं होतं. त्या वेळी वर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. खाली टांगेवाले शेरझा बुरुजापाशी माणसं उतरवून, तिथूनच त्यांना परत नेत होते. विजापूरला गेलात तर टांगेवाल्याला आधी सांगून ठेवा की उपली बुरुजावरही चढायचं आहे, आणि ऊन तापायच्या आत चढा. वर सावली अजिबात नाही.