माद्रिदचं रेतिरो: राजवाडा गेला, बाग उरली

रेतिरोत राजवाडा शोधत बसू नका, तो नाहीये! 1630च्या दशकात स्पेनच्या राजासाठी, चौथ्या फेलिपेसाठी बांधलेल्या ह्या वाड्याची नेपोलियनच्या सैन्याने तळ ठोकून पार वाट लावली, पुढे तो बराचसा पाडलाच, आणि आता एक-दोन इमारती काय त्या उरल्यात. पण बाग वाचली, 1868च्या क्रांतीनंतर सगळ्यांना खुली झाली आणि आज सव्वाशे हेक्टरवर पसरलीय, म्हणजे एका दमात बघून होत नाही.

गर्दी सगळी मोठ्या तळ्यावर. तिथं भाड्याने होडी मिळते, वल्ही आपणच मारायची. एकेकाळी राजाच्या करमणुकीला इथं लुटुपुटीच्या नौदल लढाया व्हायच्या म्हणे, आता होड्या एकमेकांवर आपटतात ते बघायला मजा येते. पलीकडे स्पेनचा राजा बाराव्या अल्फोन्सोचं 1922चं स्मारक, भव्य आहे, पण मला पायऱ्यांवर ऊन खात बसलेली पोरंच जास्त आवडली.

क्रिस्टल पॅलेस मात्र चुकवू नका. सगळी लोखंड आणि काच, पुढ्यात छोटं तळं आणि त्या पाण्यातच उभी असलेली झाडं, फोटो वाईट येऊच शकत नाही. 1887ला फिलिपिन्सच्या प्रदर्शनासाठी बांधला, तिथली झाडं ठेवायला, आणि त्याच प्रदर्शनात तिथून आणलेली जिवंत माणसंही दाखवायला ठेवली होती. हे कळल्यावर ती काच तेवढी निरागस वाटत नाही.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे पडलेल्या देवदूताचा पुतळा. रिकार्दो बेल्वेरने सैतान घडवलाय, पण तो स्वर्गातून पडतानाचा, एक हात चेहऱ्याजवळ, तोंड उघडं, अंगाला सापाचा विळखा, आणि खाली चौथऱ्यावर सैतानी तोंडं, त्यांच्या पंजात धरलेले सरडे न् साप. समुद्रसपाटीपासून बरोब्बर 666 मीटरवर आहे असं लोक रंगवून सांगतात, खरंखोटं सैतानालाच माहीत. मी दोन फेऱ्या मारल्या, मागून पंख बघायलाच हवेत.

तिथल्याच गेटने बाहेर पडलात की मोयानोचा उतार लागतो, एका बाजूला ओळीने जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्या. स्पॅनिश येत नसेल तरी जुनी पोस्टकार्डं चाळा, उतार संपला की आतोचा स्टेशन जवळच आहे.